तुज्या काकाला सांग

जागृतीच्या घरात बोलणं कधी सरळ जात नव्हतं. ते आधी तिच्या कानात शिरायचं, मग तिच्या तोंडातनं बाहेर पडायचं, आणि तेव्हाच पोचलं असं धरलं जायचं.

पोशीरच्या पुढं बोरलेपाडा लागतो. तिथं शेवटून दुसरं घर यांचं. घर म्हणजे एकच, पण मधोमध विटांची भिंत घालून त्याची दोन केलेली. इकडं जागृतीचे बाबा कमळाकर, कंपनीत सुपरवायझर; तिकडं काका मिलिंद. भिंत पडवीपर्यंत आली आणि विटा संपल्या, म्हणून पडवी तेवढी सामाईक राहिली. संध्याकाळी पडवीच्या एका टोकाला बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दुसऱ्या टोकाला काका खाटेवर, आणि मधल्या पायरीवर जागृती. खुर्ची आणि खाट यांच्यात इतकंच अंतर की एकाला शिंक आली तर दुसरा तोंड पुसायचा. पण दोघं बोलत नव्हते. अबोला कशावरनं पडला ते विचारू नका. बाबा एक सांगतात, काका दुसरं सांगतात, आणि समोरच्या भीमाआजीकडं दर वेळी नवीन कारण तयार असतं.

"जागे, तुज्या काकाला सांग, गाडी वाटंतनं काढ म्हणावं. अक्कल गहाण टाकली काय त्यानं?"

हे काकाला लख्ख ऐकू यायचं. पण ते ऐकलं असं नसायचं. काका आभाळाकडं बघत बसायचा. मग जागृती तिथल्या तिथं मान वळवून म्हणायची, "काका, बाबा म्हणतात गाडी जरा बाजूला घ्या."

की लगेच काका उठायचा, जणू आत्ताच तार आली.

अक्कल आणि गहाण या दोन गोष्टी मधल्या मधे गळायच्या. त्या कुठं गेल्या ते कुणी विचारत नव्हतं. दोघांनाही ठाऊक होतं, की पोरगी तिखट काढून देते. म्हणून तर दोघं एवढं तिखट टाकायचे.

आता निरोपाला हीच का, घरात दुसरं माणूस नव्हतं काय? होतं की. धाकटा रुपेश होता, पण तो अर्धा निरोप सांगायचा आणि उरलेला खेळायला घेऊन जायचा. आई आणि काकी तर मागच्या दारी एकमेकींशी मस्त बोलायच्या, वाटीभर साखरेपासनं नवऱ्यांच्या घोरण्यापर्यंत सगळं. पण बायकांच्या हाती दिलेला निरोप शिजून येतो, असं दोन्ही भावांचं मत होतं. एवढ्या एका बाबतीत दोघं एकाच मताचे होते, आणि तेसुद्धा त्यांना जागृतीकडनंच कळलं होतं.

शिवाय मोठं कारण म्हणजे, "तुला काय काम हाय?"

हे वाक्य जागृतीला मिरचीसारखं लागायचं. शाळा तिनं सोडली होती ते खरं. दहावीला सगळं सुटलं, इंग्लिश राहिलं, आणि परत बसायला म्हणून शाळेत गेली तर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आल्या का राणीसरकार." राणीसरकार बाक वाजवून जी बाहेर पडली ती परत गेली नाही. पण शाळा सोडली म्हणजे माणूस गावाचा भोंगा झाला काय?

तर झालं असं, की कर्जतच्या अंगाला जी रिसॉर्टं झालीत, त्यातल्या एका ठिकाणी जागृती मैत्रिणीच्या जागी दोन दिवस रिसेप्शनला उभी राहिली. पहिल्याच दिवशी मुंबईचा एक पाहुणा तलाव कुठंय, वायफाय कुठंय, माझा चहा कुठंय असं करत टेबलावर हात आपटायला लागला. जागृतीनं पण आपटला. पाहुण्यानं हात मागं घेतला. मॅनेजरबाईंनी हे काचेतनं बघितलं. त्या म्हणाल्या, "मला असंच माणूस हवंय. फक्त दहावी पास होऊन ये. वरनं नियम आहे."

म्हणजे मधे आडवं एकटं इंग्लिश. ते सुटलं की खुर्ची, टेबल, छातीवर नावाची पट्टी. 'कमळाकरची पोरगी' नाही, 'तुज्या काकाला सांग' नाही. नुसतं जागृती.

ही बातमी पाड्यात फुटली आणि सल्ले सुरू झाले. कोंबडीवाला म्हणाला, मोबाइलवर इंग्रजी बाई भेटते, तिच्याशी रोज बोल. जागृतीनं विचारलं, "तू बोलतोस?" तो म्हणाला, "नाय, मी नुसतं बघतो." भीमाआजीचं म्हणणं, इंग्रजीला अभ्यास कशाला, नाकातनं बोललं की झालं. तिचा भाचा मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायला गेला तेव्हापासनं नाकातनंच बोलतो, आणि कंपनीत त्याला सगळे साहेब म्हणतात. आईनं सल्ला दिला नाही. तिनं नेरळचा अक्षय सरांचा क्लास लावून दिला आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

अक्षय सरांचा क्लास झेरॉक्सच्या दुकानावर होता. खाली मशीन चालू झालं की वर फळा हलायचा. सर स्वतः तलाठ्याच्या परीक्षेला बसत होते, आणि तोवर बाकीच्यांना दहावीला बसवत होते.

"डायरेक्टचं इनडायरेक्ट," सर म्हणाले, "हे म्हणजे हातचे मार्क. इथं जो चुकला तो कुठंच बरोबर येणार नाही. बघा. राम सेड, आय ॲम हंग्री. आता हे दुसऱ्याला सांगायचंय. राम सेड दॅट ही वॉज हंग्री. ॲमचा वॉज झाला."

"का?" जागृती.

"का म्हणजे? तो बोलला तेव्हा भूक होती."

"मग आता मेली काय?"

पोरं हसली. सर हसले नाहीत. "नियम आहे."

"तो सकाळपासनं उपाशी बसलाय सर, आन् तुमी निस्तं वॉज करून टाकलंत. त्याला जेवायला कोण देणार?"

सरांनी तिला पुढच्या बाकावर आणून बसवलं. त्यांच्या क्लासात ही शिक्षाही होती आणि मानही होता. मग त्यांनी बाकीचे नियम सांगितले. आजचं त्या दिवशी, उद्याचं दुसऱ्या दिवशी, इथलं तिथं. जागृतीला कळून चुकलं, की इंग्रजीत माणूस एकदा बोलून गेला की त्याचं सगळं लांब जातं. भूक जुनी होते, घर तिकडं होतं, आणि तो स्वतःसुद्धा 'मी'चा 'तो' होतो. आपलाच शब्द, पण आपण त्यात नाही.

तिला एकदम पडवी आठवली.

"आणि सारखं सेड सेड करायचं नाही," सर फळा धरून म्हणाले, कारण खाली मशीन चालू झालं होतं. "बोलणाऱ्याचा भाव पकडा. ऑर्डर केली का, रिक्वेस्ट केली का, वॉर्निंग दिली का. आणि मधलं काही गाळायचं नाही. गाळलं की मार्क गेला. घरी रोज सराव करा."

घरी सराव! जागृतीच्या घरी सरावाला काय तोटा. दुसऱ्या कुणाच्या घरात एवढी वाक्यं रोज ताजी मिळत नसतील. तिनं त्याच संध्याकाळी सुरुवात केली. आणि इथनंच सगळं वाकडं गेलं.

त्या दिवसांत पाड्यात नळयोजना आली होती. घरटी एक नळ. आता या घराचा घरनंबर एकच, म्हणून नळही एकच. भिंत मधे घातली हे पंचायतीच्या दप्तराला माहीत नव्हतं. मार्च लागलेला, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, बाया हंडे घेऊन पार खालच्या बोअरिंगला जायच्या. नळ हवाच होता. फक्त तो पडवीत कुठं येणार, यावर महायुद्ध होतं.

"तुज्या काकाला सांग," बाबा खुर्चीतनं म्हणाले, "नळ मधोमध येनार. इंचभर तिकडं सरकला तर मी उखडून टाकीन."

रोजची जागृती असती तर म्हणाली असती, काका, बाबा म्हणतात मधे घेऊया. पण आता सराव होता. ती उठून उभी राहिली आणि बाक सोडून उत्तर द्यावं तसं म्हणाली, "काका, बाबांनी धमकावलं की नळ मधोमध येईल, आणि तो इंचभर तिकडं सरकला तर ते तो उखडून टाकतील."

काका खाटेवरनं अर्धा उठला. "धमकावलं? त्याला सांग, धमकी कुनाला देतो? मी काय त्याच्या कंपनीतला हेल्पर हाय?"

"बाबा, काकांनी चवताळून विचारलं की तुम्ही धमकी कुणाला देता, आणि ते काय तुमच्या कंपनीतले हेल्पर आहेत."

"चवताळून?" बाबांचा चहा बशीत सांडला. "ए, तो चवताळला तवा मी काय झोपलो होतो? पुढं सांग त्याला, जास्त चवताळू नको, बीपी वाढंल."

"काका, बाबांनी काळजीनं सल्ला दिला की तुम्ही जास्त चवताळू नये, कारण तुमचं बीपी वाढेल."

"मी काळजीनं नाय म्हनालो!" बाबा ओरडले. "काळजी कुठनं आनली गं तू?"

"भाव पकडला."

"कसला भाव?"

"बोलणाऱ्याचा. सर म्हणतात गाळायचं नाय."

भीमाआजी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. असं काही फुकट बघायला मिळत असेल तर हात रिकामे असलेले बरे.

चार दिवसांत पडवीची रयाच गेली. इतकी वर्षं जे तिखट मधे गळत होतं ते सगळं आता मोजून मापून, नावानिशी पोचायला लागलं. कुणी कुरकुरत कबूल केलं, कुणी खवचटपणे सुचवलं, कुणी तोंड वाकडं करून नाकारलं. दोघं भाऊ हैराण. आपण बोलतो ते इतकं वाईट असतं, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कळायला लागलं. पण कबूल कोण करणार? दोघांनीही खापर जागृतीवर फोडलं. पोरगी बिघडली. इंग्रजी शिकली की पोरी बिघडतात. आणि अशा रीतीनं क्लासचं बिंग फुटलं.

"क्लासला जातेस? कुनाला विचारून?" बाबांनी विचारलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीशी ते थेट बोलत होते, एवढं बरं.

"आईला."

बाबांनी आईकडं बघितलं. आईनं पातेल्यात बघितलं.

"संध्याकाळी तू तिकडं गेलीस तर इथं बोलायचं कसं? नळाचं ठरायचं कसं?"

"काकांशी बोला की. समोरच बसलेले असतात."

सगळ्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं ताटात पाय घातलाय.

मग नळाचं प्रकरण ग्रामपंचायतीत गेलं. ग्रामसेवक भाऊसाहेब शांत माणूस. त्यांनी एका बाकावर दोघा भावांना बसवलं, मधे जागृतीला.

"घर एक, नळ एक, मालक दोन," भाऊसाहेब म्हणाले. "दोघांची संमती पायजे. बोला."

"त्याची संमती हाय का विचार," बाबा जागृतीला म्हणाले.

"भाऊसाहेब इथं हायेत, त्यांना सांगा," जागृती.

"त्याला आधी विचार."

"माझी हाय म्हणावं, त्याची असली तर," काका खिडकीकडं बघत म्हणाला.

जागृती भाऊसाहेबांकडं वळली. "काकांनी अट घातली की त्यांची संमती आहे, जर बाबांची असेल तर. बाबांनी अजून काही सांगितलेलं नाही, ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत आहेत."

भाऊसाहेब चष्मा काढून तिच्याकडं बघत राहिले. "पोरी, तू इतिवृत्त फार झकास लिहिशील. आमचं सगळं असंच असतं. अमक्याने असे प्रतिपादन केले की, तमक्याने असे निदर्शनास आणून दिले की. प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांची आय काढलेली असते." मग एकदम कडक झाले. "पण संमती अशी चालत नाय. ज्याची त्यानं आपल्या तोंडानं द्यायची. माझ्यासमोर."

दोघं भाऊ तोंड शिवल्यासारखे बसले. भाऊसाहेबांनी चहा मागवला, प्यायला, पेपर वाचला, एका बाईचा दाखला दिला, तरी दोघं तसेच. शेवटी त्यांनी एक तोड काढली. बाबांना पूर्वेकडं तोंड करून उभं केलं, काकाला पश्चिमेकडं, आणि म्हणाले, एकमेकांना नका सांगू, मला सांगा. दोघं एकदम "हो" म्हणाले, आणि एकदम बोलले गेले म्हणून दोघंही चिडले.

नळ मधोमध ठरला. जोडणीला प्लंबर स्वप्नील कधी येणार? भाऊसाहेबांनी तारीख बघितली, बोट ठेवलं. तोच दिवस इंग्लिशच्या पेपरचा.

"त्या दिवशी मी नसणार," तिनं घरी येऊन सांगितलं. "नेरळला सेंटर हाय. सकाळीच जाणार."

"तू नसशील तर जोडणी कशी होनार?" बाबा म्हणाले. "तो एका टोकाला, मी एका टोकाला. वॉल्व सोड, वॉल्व बंद कर, हे कोन सांगनार?"

"माझा पेपर हाय, बाबा."

आणि तेव्हा बाबा ते बोलले. रागानं नाही, अगदी समजावून, मायेनं म्हणा हवं तर. "अगं, नळ एकदाच येतो. परीक्षा काय, वर्षातनं दोनदा येते."

पलीकडनं काकाचा आवाज आला, "बरोबर बोलतोय."

इतक्या वर्षांत दोघं भाऊ पहिल्यांदा मधे कुणी न ठेवता एका बाजूला आले, ते हिचा पेपर बुडवायला! जागृतीनं रात्री कुरत्याला इस्त्री केली, हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवी उशीखाली.

सकाळी दारात खड्डा. पडवीच्या पायरीपासनं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत स्वप्नीलनं चर खणला होता. कोपऱ्यावर वॉल्व, तिथं काका पँट दुमडून उभा. इकडं खड्ड्यात बाबा, हातात पाइपाचं टोक. स्वप्नीलला पाइप वळवायचा एक एल्बो कमी पडला होता. तो गाडीला किक मारत म्हणाला, "पोशीरहून घेऊन येतो. मी येईस्तोवर कुणी हात लावू नका." हे वाक्य त्यानं कशाला म्हटलं कुणास ठाऊक. हे वाक्य ऐकून आजवर हात न लावलेला माणूस त्या पाड्यात झाला नाही.

थोड्या वेळानं जागृती पिशवी घेऊन पायरी उतरली.

"जागे," बाबा खड्ड्यातनं म्हणाले, "काकाला सांग, वॉल्व जरासा सोड. बघू जोर किती हाय."

"मी चालले."

"जाशील गं. एवढं सांग."

"बाबा, काका तो काय उभा. तुमीच सांगा."

बाबांनी तिच्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं. मग हवेला उद्देशून म्हणाले, "कुनीतरी वॉल्व जरासा सोडला असता तर बरं झालं असतं."

काकाच्या पायाशी भीमाआजीची कोंबडी माती उकरत होती. काका कोंबडीला म्हणाला, "किती सोडायचा ते कळलं, तर मानूस सोडंल."

"जरासा म्हंजे जरासा," बाबा पाइपाला म्हणाले.

काकानं कोंबडीकडं बघत वॉल्व फिरवला. नवीन वॉल्व, कडक. जरासा फिरेना, म्हणून काकानं जोर लावला, आणि तो फिरला तो भसकन सगळाच.

पाइप बाबांच्या हातात नागासारखा उठला. पाण्याचा पहिला फटका बाबांच्या तोंडावर, दुसरा पडवीच्या भिंतीवर, तिसरा समोर भीमाआजीच्या ओट्यावर. तिथं तिनं पापड वाळत घातले होते, ते आता ओले झाले. लाल चिखल उडाला आणि जागृतीच्या इस्त्रीच्या कुरत्यावर कमरेपर्यंत नक्षी झाली.

"बंद कर! बंद कर रं!" बाबा ओरडले.

काकाला ऐकू गेलं नाही असं कसं म्हणायचं? खालच्या आळीपर्यंत गेलं. पण काका वॉल्वावर हात ठेवून तसाच उभा, आणि त्यानं मान वळवून जागृतीकडं बघितलं. "काय म्हनतोय तो?"

अगदी मनापासनं विचारलं त्यानं. सवयच तशी. निरोप आल्याशिवाय त्याचा हात हलेना. खड्ड्यात त्याचा सख्खा भाऊ गुडघाभर पाण्यात गटांगळ्या खातोय, आणि हा निरोपाची वाट बघतोय!

"सांग की त्याला!" बाबा, तोंडातलं पाणी थुंकत.

"सांग गं बये, माझे पापड!" भीमाआजी.

"काय म्हनतोय तो, जागे?" काका.

दोन शब्द. बंद करा. तेवढं म्हटलं असतं तर पाणी थांबलं असतं. जागृतीच्या जिभेवर ते आलेसुद्धा, सवय तिलाही होतीच. पण त्या दोन शब्दांच्या मागं आणखी दोन असणार, मग आणखी दोन, जरा धर म्हणावं, जरा सोड म्हणावं, आणि संध्याकाळी ती परत पायरीवर बसलेली असणार, मधे. तिनं दातावर दात धरले. कुरत्यावरचा चिखल हातानं निपटला, पिशवी छातीशी धरली, आणि चालायला लागली.

"जागे!" बाबा. "ए जागे!"

ती वळली नाही.

मग मागं एक क्षण नुसता पाण्याचा आवाज. आणि मग बाबांचा, अख्खा पाडा हलवणारा, "मिल्याऽऽ! बंद कर ना रं रेड्या, बुडलो ना मी!"

पाणी थांबलं.

"रेडा कुनाला म्हनतो?" काकाचा आवाज फाटला. "आँ? रेडा कुनाला म्हनतो रं दादा?"

"तुला! तुलाच! दुसरा कोन हाय इथं?"

"तू जरासा म्हनालास!"

"जरासा म्हनालो, धरन फोड नाय म्हनालो!"

मग जे सुरू झालं ते गल्लीच्या वळणापर्यंत जागृतीला ऐकू येत होतं. गाडी, भिंत, विटा, कुणाच्या तरी लग्नातला आहेर, सगळं एकामागोमाग निघत होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि मधे गाळणी नाही.

रस्त्यावर शेअर रिक्षा उभी होती, पण तिच्यात एकटा ड्रायव्हर, आणि तो सीटा भरल्याशिवाय देव आला तरी हलत नसतो. तेवढ्यात समोरनं स्वप्नील आला, गाडीच्या हँडलला एल्बोची पिशवी. जागृती रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली.

"फिरव."

"अगं तिकडं काम—"

"काम थांबलंय. तिकडं दोघं बोलतायत."

"कोनाशी?"

"एकमेकांशी."

स्वप्नीलची गाडी तिथंच बंद पडली. त्यानं जागृतीच्या चेहऱ्याकडं बघितलं, कुरत्याकडं बघितलं, पाड्याच्या दिशेनं कान दिला. लांबनं "रेडा" असं काहीतरी आलं. "मग मी इतक्यात जाऊन फायदा नाय," असं म्हणून त्यानं गाडी फिरवली.

नेरळच्या शाळेचं गेट बंद होत होतं तेव्हा दोघं पोचले. आत घंटा झालेली. शिपाईकाकांनी कडी घातलेली, पण कुलूप अजून हातातच. पलीकडं व्हरांड्यात केंद्रप्रमुख मॅडम उभ्या होत्या, इतक्या जवळ की त्यांच्या साडीवरची फुलं दिसत होती.

"काका, पेपर हाय माझा."

"घंटा झाली. थांब, विचारून येतो." शिपाईकाका सावकाश व्हरांड्यात गेले, कानाशी वाकले, सावकाश परत आले. "मॅडम विचारतात, उशीर का झाला?"

"दारात नळाची जोडणी होती, पाइप सुटला, बाबा आणि काका बोलत नाहीत, मला सोडत नव्हते, मी तरी आले."

शिपाईकाका गेले. जागृतीला इथनं ऐकू आलं, "घरी पाण्याचं काय काम होतं म्हणते."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. शिपाईकाका परत आले. "मॅडम म्हणतात, घरकामासाठी परीक्षा थांबत नाही."

जागृतीनं त्यांच्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, उन्हात इकडनं तिकडं करत होता, आणि त्याला वाटत होतं आपण दोन्हीकडचं नीट पोचवतोय. त्याच्या तोंडातनं जाऊन तिचं अख्खं आयुष्य 'पाण्याचं काय काम' होऊन बसलं होतं.

"सांगू का परत?" त्यांनी विचारलं. "काय सांगू?"

"तुमी काय नका सांगू," जागृती म्हणाली. आणि गेटच्या सळ्या दोन्ही हातांनी धरून, शिपाईकाकांच्या खांद्यावरनं, तिनं आवाज दिला, "मॅडम! इकडं बघा! मी हाय इथं!"

व्हरांडा दचकला. दोन वर्गांच्या खिडक्यांतनं पोरांची डोकी बाहेर आली. मॅडम पायऱ्या उतरून तरातरा गेटपाशी आल्या. चिखल बघितला, हॉलतिकीट बघितलं, मग तिच्या डोळ्यांत बघितलं. ते डोळे खाली गेले नाहीत.

"ओरडायला काय झालं? काय सांगायचंय तुला?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जिभेवर सगळे होते, बाबा होते, काका होते, भीमाआजीचे पापडसुद्धा होते. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं.

"मला पेपर द्यायचाय," ती म्हणाली. "मला."

मॅडमनी कडी स्वतःच्या हातानं काढली.